लोणच्याच्या तीन बरण्या आणि प्रवाळ : माझ्या प्रकल्पाच्या नोंदी

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

विषय शेवटी ठरला एकदाचा. प्रवाळाचं ब्लीचिंग, म्हणजे गरम पाण्यात प्रवाळ पांढरं का पडतं आणि पडल्यावर पुढं त्याचं काय होतं. सर आधी हसलेच, म्हणाले कोल्हापुरात बसून प्रवाळ? रंकाळ्यात घावतंय काय? पण नाही म्हणाले नाहीत.

दुपारी फिश टँकच्या दुकानात गेलो. (मुलगी आहे मी, पण कोल्हापूरची आहे त्यामुळं 'गेलो'च म्हणणार, पुण्याच्या मैत्रिणींनी वाचताना अडखळू नये.) एका टाकीत खरं हार्ड कोरल होतं, मालक हळू आवाजात म्हणाला पाहिजे असेल तर तुकडा तोडून देतो. नको म्हणलं. सरांनी आधीच बजावलं होतं, दगडी प्रवाळाच्या सगळ्या जाती २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये आहेत, म्हणजे कागदावर वाघ आणि प्रवाळ एकाच रांगेत.

मला पाहिजे होतं ते त्याच टाकीत कोपऱ्याला दगडावर चिकटलेलं होतं. एप्टेशिया. बोटाच्या पेरापेक्षा लहान, तपकिरी, फुलासारखी समुद्री अ‍ॅनिमोनी. टँकवाल्यांच्या दृष्टीनं ही गाजरगवतच, एक आली की महिन्यात पन्नास. मालक म्हणाला फुकट ने, तेवढीच पीडा जाईल. त्याला काय माहीत, जगातल्या कितीतरी लॅबमध्ये प्रवाळाच्या ऐवजी हीच पाळतात. प्रवाळाची चुलत बहीण म्हणायची, तिच्याही पोटात त्याच घराण्यातलं शैवाल राहतं, गरम झालं की तीही पांढरी पडते, फक्त ती दगडाचं घर बांधत नाही. २०१५ मध्ये तिचा पूर्ण जीनोमसुद्धा छापून आलाय. दगडासकट २४ नग आणले, डब्यात, केएमटीच्या बसमधनं, मांडीवर धरून.

९ फेब्रुवारी

आईच्या लोणच्याच्या तीन काचेच्या बरण्या ढापल्या. अ, ब, क. प्रत्येकीत आठ. मीठ समुद्री टँकचंच, घरातलं नव्हे, कारण नुसतं सोडियम क्लोराइड चालत नाही, कॅल्शियम मॅग्नेशियम सगळं लागतं. फिल्टरचं पाणी, लिटरला साधारण ३५ ग्रॅम, मग रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजायचं यंत्र) बघून कमीजास्त. वर पांढरा एलईडी, बारा तास चालू बारा तास बंद. आई म्हणाली यंदा लोणचं कशात घालू? उत्तर नव्हतं.

१६ फेब्रुवारी

पहिला गाढवपणा. पाणी आटलं म्हणून परत खारं पाणीच ओतत बसलो आठवडाभर. अरे वाफ पाण्याची होते, मीठ तिथंच राहतं! क्षारता ४० च्या वर. तिन्ही बरण्यांत सगळ्यांनी तोंडं मिटून शर्टाच्या बटणागत गोळे केलेले. दोन दिवस थोडं थोडं गोडं पाणी घालत खाली आणलं. मेलं कोण नाही. चिवट जात आहे.

१ मार्च, शनिवार

आज कॉलेजचा मायक्रोस्कोप मिळाला, तीन तास एकटीला.

अ बरणीतल्या एका एप्टेशियाच्या शुंडकाचं (तोंडाभोवतीच्या बोटांगत हातांपैकी एकाचं) टोक ब्लेडनं कापलं, तीळभर, स्लाइडवर ठेवून कव्हरस्लिपनं दाबलं. ४०० पटीला फोकस करत आणलं आणि आधी नुसते सुतासारखे धागे दिसले, ते तिच्या डंखपेशींचे, दाबल्यावर सुटलेले. मग थोडं सरकवलं तर ठासून भरलेले गोल गोल दाणे. एकेक दाणा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, रंग काकवीचा. अगदी काकवीचाच, गुऱ्हाळावर कढईतनं पळीनं वर काढल्यावर उन्हात दिसतो तो. तपकिरी रंग तिचा नाहीच, या दाण्यांचा आहे. ती स्वतः काचेसारखी पारदर्शक.

हे शैवाल तिच्या पोटाच्या आतल्या अस्तराच्या पेशींमध्ये राहतं, पेशींच्या मधे नाही, पेशीच्या आत. दिवसा उन्हावर साखर, ग्लिसरॉल असलं काय काय बनवतं आणि त्यातला मोठा वाटा मालकिणीला देतं, मालकीण त्याला कार्बन डायऑक्साइड आणि आपल्या मलमूत्रातला नायट्रोजन देते. उथळ पाण्यातल्या प्रवाळाची नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जा अशी घरबसल्या येते. म्हणून तर समुद्राच्या ज्या भागात पाणी इतकं स्वच्छ की त्यात खायला काहीच नाही, तिथं एवढाली प्रवाळ बेटं उभी राहिली. आधी या सगळ्या शैवालांना एकच नाव होतं, सिम्बायोडिनियम, ए बी सी डी अशा गटांचं. २०१८ मध्ये त्याचे वेगवेगळे वंश (जीनस) केले. एप्टेशियात बहुतेक वेळा ब्रेव्हिओलम सापडतं. माझ्याकडचं तेच का हे सांगायला डीएनए लागेल, तेवढे पैसे नाहीत, रिपोर्टमध्ये नुसतं 'सहजीवी शैवाल' लिहिणार.

९ मार्च

पिल्लं! बरणी अ च्या काचेवर मोठी एप्टेशिया सरकत गेली होती, तिच्या मागं पायाचे बारीक तुकडे चिकटून राहिलेले, मी घाण समजून पुसणार होतो. आज भिंगातून बघितलं तर त्या तुकड्यांना इवलीइवली शुंडकं आलेली. नर नको मादी नको, चालता चालता पायाची साल सोडायची आणि पोरं तयार. फांदीवाल्या प्रवाळाचंही थोडं असंच, वादळात फांदी मोडून पडली आणि जागा बरी मिळाली तर तिथंच नवीन वसाहत.

खायला आर्टेमिया देतोय, अंडी खाऱ्या पाण्यात बाटलीत हवा सोडून ठेवली की दिवसभरात नारिंगी किडे वळवळायला लागतात. ड्रॉपरनं सोडले की शुंडकं एकेक करून आत वळतात, आजी पानाचा विडा तोंडात सारते तसं.

१९ मार्च

रंगपंचमी. खोलीला दिवसभर कुलूप.

२२ मार्च, शनिवार

मामाच्या वर्कशॉपला, उद्यमनगर. डिजिटल थर्मोस्टॅट आणि हीटर जोडून दोन सेट करून दिले त्यानं, ब आणि क साठी. अ बरणी कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी न तापवलेली, तिला २७ अंशावर ठेवायचंय आणि घरात दुपारी ३४, त्यामुळं ती मातीच्या परातीत ओल्या वाळूत उभी केली, वर ओलं फडकं, समोर छोटा फॅन. माठाचीच आयडिया. चाललंय.

मामाला प्रवाळाचं घर कसं बांधलं जातं ते सांगत बसलो. पॉलिप, म्हणजे प्रवाळातला एकेक जीव, एप्टेशियासारखाच पण खाली बुडाला कॅल्शियम कार्बोनेटचा थर टाकत जातं, अरॅगोनाइट, शहाबादीपेक्षा वेगळं स्फटिक पण माल तोच. थोडं बांधून झालं की स्वतःला वर उचलून घेतं, खाली नवा तळ टाकतं आणि जुना मजला रिकामा सोडून देतं. म्हणजे एवढ्या मोठ्या प्रवाळ दगडात जिवंत काय, तर वरची काही मिलिमीटरची साय. बाकी सगळं जुनं बांधकाम. मामा म्हणाला, "म्हंजे पाया सोडून नुसती वरची माळी भाड्यानं दिल्यागत." त्याला विषय समजला.

वाढीचा वेग सांगितला तेव्हा मात्र तो हादरला. पोरायटीससारखं गोलमटोल प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर, म्हणजे मीटरभर उंच ढेकूळ शंभर वर्षांचं. फांद्यांचं अ‍ॅक्रोपोरा वर्षाला दहा सेंटिमीटरसुद्धा जातं. कापून एक्स-रे काढला तर आत झाडासारख्या वर्षांच्या रेषा. त्या रेषा खरंच वर्षाच्या आहेत हे १९७२ मध्ये प्रशांत महासागरातल्या एनेवेटाक बेटावरच्या प्रवाळावरून नक्की केलं, तिथं अमेरिकेनं अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या होत्या, कुठल्या साली किरणोत्सर्ग पडला ते माहीत होतं, तो थर शोधायचा आणि तिथनं रेषा मोजायच्या. मामा म्हणाला कास्टिंगवर हीट नंबर टाकतो तसंच की हे.

रात्रीपासून ब आणि क चं तापमान चढवायला सुरुवात, दर दिवसाला एक अंश, ३३ पर्यंत.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभी केली आणि आधी बरण्या बघितल्या. ब आणि क मध्ये फरक डोळ्यांना कळायला लागला. शुंडकांची टोकं पिवळट, आणि बरणीच्या तळाला तपकिरी गाळ, भुश्यासारखा. ड्रॉपरनं थोडा उचलून ठेवलाय, मायक्रोस्कोप मिळाला की बघणार, पण मला खात्री आहे तेच काकवीचे दाणे असणार.

ती भाडेकरूला घराबाहेर काढतेय. का, तर उष्णतेनं शैवालाची प्रकाशातनं साखर करायची यंत्रणा बिघडते, पण वरून प्रकाश पडायचा थांबत नाही, मग ती ऊर्जा जाणार कुठं, त्यातनं ऑक्सिजनचे जहाल रेणू तयार होतात आणि ते मालकिणीच्याच पेशी जाळायला लागतात. म्हणून ती काही शैवालं ओकते, काही तिथंच पचवून टाकते. हे वाचलं होतं, पण बरणीच्या तळाला तो गाळ बघताना वेगळंच वाटलं. पुरणपोळी खाताना पण तेच डोक्यात.

२ एप्रिल

क बरणी गेली. सगळीच्या सगळी आठ.

पहाटे लाइट गेली आणि आली, त्या झटक्यात थर्मोस्टॅटचा रिले चिकटला आणि हीटर बंदच झाला नाही, सकाळी सातला बघितलं तर पाणी ३९. तळाला जेलीसारखा थर आणि वास, माशाच्या बाजारात दुपारी तीनला येतो तो. पांढरं पडायला वेळच मिळाला नाही त्यांना, सरळ विरघळल्या. दोन आठवड्यांचं काम. रडलो थोडं, मग बरणी गच्चीवर नेऊन उकळत्या पाण्यानं धुतली. मामाला फोन केला तर म्हणाला, "स्वस्तातला घेतलास, मी म्हणलोवतो." म्हणला नव्हता.

ब ला आता दुसऱ्या थर्मोस्टॅटची जोड, एक बिघडला तरी दुसरा तोडेल अशी. हे आधीच करायला पाहिजे होतं.

५ एप्रिल

ब मधल्या आठही पूर्ण पांढऱ्या. पांढऱ्या म्हणजे दुधासारख्या नाही, साबुदाण्यासारख्या, भिजवलेल्या, आरपार दिसतंय. खऱ्या प्रवाळात आरपार मांसातनं खालचा चुन्याचा सांगाडा दिसतो म्हणून ते पांढरंफटक वाटतं. हीटर उतरवायला घेतला, दिवसाला एक अंश.

मामा व्हिडिओ कॉलवर म्हणाला मेल्या काय? ड्रॉपरनं टोचून दाखवलं, झटकन मिटली, बाजूनं पांढरे धागेसुद्धा सोडले तिनं, चिडल्यावर सोडतात ते. तो म्हणाला, "मग जिवंत हाय की. भट्टी थंड पडली म्हंजे कारखाना बुडला असं नसतंय." सरांपेक्षा बरं सांगितलं.

१२ एप्रिल, शनिवार

चैत्र पौर्णिमा, जोतिबाची यात्रा, गल्लीतली निम्मी माणसं डोंगरावर, जो परत आला तो गुलालानं माखलेला. मी घरात. कारण आजपासून पाच रात्री बरणी अ वर निळा एलईडी लावायचाय, चंद्र म्हणून.

प्रवाळाचं खरं लग्न वर्षातनं एकदाच, तेही तिथी बघून. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वसंतातल्या पौर्णिमेनंतर काही रात्री, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, अंधार पडल्यावर शेकडो जातींची प्रवाळं एकाच वेळी गुलाबी मण्यांसारखे गोळे सोडतात. एका गोळ्यात अंडी आणि शुक्राणू दोन्ही, कारण बरीचशी प्रवाळं एकाच अंगात नर आणि मादी. गोळे वर तरंगत जातात, पृष्ठभागावर फुटतात आणि मग दुसऱ्या वसाहतीच्या गोळ्याशी गाठ. हे माणसांना कळलं कधी, तर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, मॅग्नेटिक आयलंडजवळ, आणि १९८४ ला छापून आलं. इतकी वर्षं लोक दिवसा डुबक्या मारत होते, रात्री कोण बघणार. बाकी सगळीच अशी सोडून देत नाहीत, पोसिलोपोरासारखी काही पोटातच अळी वाढवून मग सोडतात. ती अळी, प्लॅन्यूला, नाशपातीच्या आकाराची, पोहत पोहत जागा बघते, आणि तिला गुलाबी चुनखडी शैवालाचा वास लागतो, तिथं बसते. एकदा बसली की आयुष्यभर तिथंच.

एप्टेशियालाही निळ्या उजेडाचा चंद्र दाखवून अंडी घालायला लावता येतं, २०१५ च्या एका शोधनिबंधात आहे, २९ अंशाला आणि महिन्यातनं पाच रात्री. माझं होईल असं वाटत नाही. सगळ्या एकाच दुकानातल्या एकाच दगडावरच्या, म्हणजे बहुधा एकाच आयशीच्या पायाचे तुकडे, सगळ्या एकाच लिंगाच्या. भाऊबहिणींचं लग्न लावायला निघाल्यासारखं, तेही सगळ्या बहिणीच.

१७ एप्रिल

काही नाही. निळा बंद. आईला बरं वाटलं, बाहेरून खोली बारसारखी दिसत होती म्हणे.

२४ एप्रिल

कालची बातमी: २०२३ च्या जानेवारीपासून जगातल्या ८४ टक्के प्रवाळ क्षेत्राला ब्लीचिंग व्हावं एवढी उष्णता लागलीय. ही चौथी जागतिक वेळ, आधी १९९८, २०१०, २०१४ ते १७.

हे मोजतात कसं ते आज नीट समजून घेतलं. त्या जागेचा नेहमीचा सगळ्यात गरम महिना जो असतो, त्याच्यावर किमान एक अंश चढलं की मीटर चालू, किती अंश गुणिले किती आठवडे, बारा आठवड्यांची बेरीज. बेरीज ४ झाली की ब्लीचिंग दिसायला लागतं, ८ झाली की मोठ्या प्रमाणावर मरायला लागतं. दोन अंश जास्त दोन आठवडे, चार झालेच. म्हणजे दोन अंश एवढंच. माझ्या बरणीला असा कुठला इतिहास नाही त्यामुळं हिशेब लागू होत नाही, पण ग्राफमध्ये टाकायला सर सांगतायत. टाकणार नाही.

ब मधली एक मेली. उरल्या सात. त्यांची वाटणी: चार ब-१, रोज आर्टेमिया. तीन ब-२, उपाशी. प्रकल्पाचा खरा प्रश्न इथनं सुरू होतो.

४ मे

ब-१ च्या चारही पांढऱ्या पण टम्म, एकीनं पिल्लू सोडलं, पांढरं पिल्लू! ब-२ च्या तीन आटत चालल्यात, एक मुगाएवढी. तेच पाणी, तेच तापमान. पांढरं पडणं म्हणजे मरण नाही, पांढरं पडणं म्हणजे स्वयंपाकघर बंद. मेस लावली तर माणूस जगतं. एप्टेशिया मेसवर कितीही जगेल पण बऱ्याच प्रवाळांना पकडून खाण्यावर पोट भागत नाही, ती साठवलेल्या चरबीवर आठवडे काढतात आणि तोवर पाणी थंड झालं तर वाचतात.

आजीला दाखवलं. तिनं बोटातली पोवळ्याची अंगठी पुढं केली, गुजरीतनं घेतलेली, मंगळाची. "चाळीस वर्सं झाली, माझं पोवळं काय पांढरं पडलं नाही." बरोबर आहे आजीचं. दागिन्यातलं लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं, वेगळ्याच फांदीतलं, आठ शुंडकांचं, खोल अंधारात वाढतं आणि त्याच्या पोटात शैवाल नसतंच. लाली थेट सांगाड्यात. भाडेकरूच नाही तर घर रिकामं व्हायचा प्रश्नच नाही. आजी म्हणाली मग तेच पाळायचंस की.

११ मे, रविवार

मालवण, आत्याकडे, गगनबावड्याच्या घाटातनं. स्नॉर्केलिंग केलं, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ. खरं प्रवाळ पहिल्यांदा बघितलं! पाणी गढूळ, हातभर पुढचं दिसत नव्हतं, आणि तरी खाली पोरायटीसचं मातकट ढेकूळ, त्यावर सुईच्या भोकाएवढी पॉलिपांची घरं, जवळ गेल्यावर जाळी दिसते. टर्बिनेरिया प्रवाळाची पानं पण. गढूळ पाण्यात तग धरणारी ही मंडळी, दर पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी आणि चिखल अंगावर घेतात. हे सगळं सागरी अभयारण्यात, १९८७ पासूनच्या. आणि मला नेणारा पोरगा दमला म्हणून त्याच ढेकळावर उभा राहिला, दोन्ही पायांवर. वरची काही मिलिमीटरचीच साय जिवंत असते बाबा, असं पाण्यात तोंडात नळी घेऊन सांगता येत नाही. वर आल्यावर सांगितलं. "दगड हा तो," म्हणाला.

आंग्रिया बँकचं नाव काढल्यावर मात्र त्याचे डोळे चमकले. विजयदुर्गपासून शंभरएक किलोमीटर आत, समुद्रात बुडालेलं पठार, माथा वीसेक मीटर खोल, पाणी नितळ, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. तिथं जायला मोठी बोट लागते. माझ्याकडं परतीच्या एसटीचे पैसे होते.

२८ मे

पाऊस यंदा मे संपायच्या आतच आला. घरात २६ अंश, हीटर चालू करावा लागतोय आता, घ्या.

ब-२ मधली एक गेली, दोन राहिल्या. आज पुढचा टप्पा: अ मधल्या एका तपकिरीची चार शुंडकं कापून थोड्या खाऱ्या पाण्यात चिरडली, तपकिरी पाणी झालं, ते दोन-दोन थेंब आर्टेमियासोबत ब-१ आणि ब-२ दोन्हीकडं. भाडेकरू परत पाठवले. ब-२ चा उपास पण आजपासून सोडला, तीन म्हणता म्हणता दोनच राहिल्या आणि मला तिसरी बघायची नाही. सर म्हणाले यानं तुलना बिघडते. बिघडू दे.

खऱ्या प्रवाळात कधी कधी परत येणारा भाडेकरू वेगळा असतो, ड्युरुसडिनियम, उन्हाला टिकणारं पण भाडं कमी देणारं, प्रवाळ जगतं पण वाढ मंदावते.

१४ जून, शनिवार

परत मायक्रोस्कोप. ब-१ च्या चौघींच्या शुंडकांच्या बुडाशी तपकिरी ठिपके नुसत्या डोळ्यांनी दिसतायत, टोकं अजून काचेची. आतून उरलेल्या चार दाण्यांची वाढ झाली का मी घातलेली रुजली, हे वेगळं काढता येत नाही, रिपोर्टमध्ये तसंच लिहिणार.

ब-२ मधली मुगाएवढी होती ती. तिचं टोक कापायला जीव होत नव्हता, इतकी बारीक झालीय. शेवटी अगदी टाचणीच्या टोकाएवढं घेतलं. ४०० पटीला आधी नुसतंच रिकामं अस्तर, धागे, एक हवेचा बुडबुडा. कडेकडेनं सरकवत गेलो. सात दाणे मोजले, काकवीच्या रंगाचे. त्यातले दोन मधनं चिमटा बसल्यासारखे, विभागायला लागलेले.

सोमवारी रिपोर्ट प्रिंटला टाकायचा. आईनं कैऱ्या आणल्यात, क बरणी परत मागतेय.